ओहोटीला धरलेला हात

खाडीचं पाणी उतरायला लागलं की बायकांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या हलक्या व्हायच्या. बहुतेकजणी गादीपासून चार बोटं वर उठायच्या आणि भरती येईपर्यंत तिथंच राहायच्या. उलट त्या वेळी चादर बदलायला सोपं जायचं. सोनूबाई खोबरेकर मात्र थेट छताला जाऊन टेकायच्या. म्हणून त्यांना बांधत.

नर्स प्रमिला शेजवळ घाटावरून बदली होऊन या दवाखान्यात आली, तेव्हा पहिल्याच दुपारी मेट्रन शिरोडकरबाईंनी तिला बांधायचं कसं ते दाखवलं. जुन्या चादरी फाडून केलेल्या पट्ट्या. एक मनगटाला, एक घोट्याला, गाठ कॉटच्या खालच्या दांडीला.

"गाठ त्यांच्या हाताला लागता कामा नये," मेट्रन म्हणाल्या. "बोटं अजून चलाख आहेत."

"त्या पडतात का, मॅडम?"

"पडत्या तर बरं होतं. उचलून ठेवलं असतं. त्या वर जातात." मेट्रनबाईंनी खिडकीकडं बोट केलं. "कासारबाई तिथून गेल्या. अजून सापडल्या नाहीत. त्यांची मुलगी दर रविवारी येते, बाकावर बसून वर बघते आणि संध्याकाळी परत जाते. तिला काय सांगायचं, ते तुम्ही मला सांगा."

प्रमिला कॉटशी वाकली. तिनं गाठ मारली.

सोनूबाई सुकून खारकेसारख्या झालेल्या होत्या. दिवसातला बराच वेळ त्यांना माणसं ओळखू यायची नाहीत. पण पाणी उतरायला लागलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "सुकती लागली गो," त्या म्हणायच्या. "खुबे वर इले असतले. माका पलयाड जावचा आसा." मग पट्ट्या ताठ व्हायच्या आणि कॉटचे पुढचे पाय जमिनीवरून सुटायचे.

पलीकडं म्हणजे खाडीच्या पलीकडं. वॉर्डाच्या खिडकीतून त्यांचं गाव दिसायचं. माडांची रांग, एक पांढरी भिंत, आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल, ज्यात वाकून त्यांनी जन्मभर खुबे, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचले होते. वाकून वाकून पाठ धनुकली झाली होती. आता त्या वर जायच्या त्याही वाकलेल्याच.

प्रमिला पट्ट्या सोडून त्यांची मनगटं बघायची. कातडी निळी पडून सालपटली होती. ती कोमट पाण्यानं पुसून तिथं खोबरेल लावायची आणि परत बांधायची. सकाळी लावलेलं तेल दुपारी पट्टीनं टिपून घेतलेलं असायचं. एकदा पट्टी हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली.

"आजी, बांधू का तुम्हाला?"

सोनूबाईंनी तिच्याकडं बघितलं. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरच दिसलं.

"नुको," त्या म्हणाल्या. "हात धर."

प्रमिलानं हात धरला. पाणी उतरत गेलं तशा सोनूबाई कॉटवरून उठल्या, हातभर वर जाऊन थांबल्या आणि तिथंच राहिल्या. ओढ होतीच, पण एका माणसाच्या हाताला पेलेल एवढीच. भरती येईपर्यंत प्रमिला स्टुलावर बसून होती. सोनूबाई वरून तिच्याशी बोलत होत्या. कुठल्या पायवाटेनं चिखलात उतरायचं, कुठं पाय रुततो, शेजारची गुणाबाई कशी खोटंनाटं सांगून चांगली जागा पटकावते.

"तुझा गाव खयचा गो?"

"आमचं गाव धरणात गेलं, आजी. मी लहान होते."

"मग तू खय जातलंस?"

प्रमिलानं खिडकीबाहेरच्या पाण्याकडं बघितलं. लहानपणी आई तिला उन्हाळ्यात धरणावर न्यायची. पाणी खाली गेलं की देवळाचा कळस दिसायचा. आई त्याच्याकडं बोट करायची आणि बोट तसंच धरून ठेवायची. तो हात तिला या क्षणी इतका आठवला, की तिनं सोनूबाईंचा हात आणखी घट्ट धरला. तेव्हा पहिल्यांदा स्टुलाला तिचं वजन कमी झाल्यासारखं वाटलं असावं. ते करकरायचं थांबलं.

मेट्रन दारात उभ्या होत्या.

"हे बरं दिसतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण इतक्या बायकांना धरायला इतके हात मी आणू कुठून? तुम्ही इथं बसलात, तेवढ्या वेळात पलीकडच्या कॉटवर पाणी कुणी पाजलं?"

पाणी कुणीच पाजलं नव्हतं. प्रमिला उठून पाजायला गेली. सोनूबाईंना परत बांधलं गेलं.

पुढच्या आठवड्यात सुतार आले आणि त्यांनी छत खाली आणलं. आता पट्ट्यांची गरज नाही, असं ठरलं. खिडक्यांची वरची अर्धी तावदानं छताच्या वर गेली आणि उजेड गुडघ्यापाशी पडू लागला. नर्सेस वाकून काम करू लागल्या. मेट्रन उंच होत्या, त्यांना राउंड घेताना मान छातीला टेकवावी लागायची. ओहोटीला सोनूबाई फळ्यांना चिकटायच्या, नाक दाबलं जायचं, श्वासाची शिट्टी वाजायची. तरी छत आणखी खाली घ्यावं लागेल, असं सुतार म्हणत होते. म्हाताऱ्यांचा जोर वाढत होता.

प्रमिला वाकलेल्या मानेनं मेट्रनच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, मी सोनूआजींना खाली खाडीवर नेते. लपूनछपून नाही, तुम्हाला सांगून नेते."

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाही म्हणताय का?"

मेट्रननं वर बघायचा प्रयत्न केला. मान वळेना. नजर आपल्याच पदरावर राहिली.

"तुमच्या कॉटांपाशी मी बसते," त्या म्हणाल्या. "पाणी मी पाजते. पण हात सोडायचा नाही, शेजवळ सिस्टर. काय वाट्टेल ते झालं तरी."

"नाही सोडणार."

भर दुपारी त्या दोघी बाहेर पडल्या. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं. प्रमिला जांभ्या दगडाच्या वाटेनं चालत होती आणि सोनूबाई तिचा हात धरून डोक्याच्या वर हवेत, लुगडं फडफडवत, वाऱ्यानं थोड्या तिरक्या. वाटेत जाळं शिवत बसलेल्या एका माणसानं हात जोडले. "सोनूकाकी, घराक चललंस?" सोनूबाईंनी त्याला नावानं हाक मारली. दवाखान्यात त्यांनी कुणालाच नावानं हाक मारली नव्हती.

चिखल उघडा पडत होता. प्रमिला त्यात उतरली, पाण्याच्या कडेपर्यंत गेली. पाणी मागं सरकलं तशी तीही सरकली. समोर पांढरी भिंत आता इतकी जवळ आली होती, की तिच्यावर वाळत घातलेली जाळी दिसत होती.

"आता सोड," सोनूबाई म्हणाल्या.

"आजी, मला सोडता येणार नाही."

"तुका कोणी सांगल्यान?"

"मॅडमनी. आणि मलाही वाटतं."

"माका काय वाटता, ता इचार."

प्रमिलानं वर बघितलं. सोनूबाईंची नजर लख्ख होती. पाठ सरळ झाली होती. अशा नजरेच्या बाईला, हिला काही कळत नाही, असं म्हणता येत नव्हतं.

"तुम्हाला जायचंय?"

"जावचा आसा."

"आणि पडलात तर? हरवलात तर? कासारबाईंसारख्या?"

"कासारीण तिच्या घरात आसा," सोनूबाई म्हणाल्या. "लेक चुकीच्या जाग्यार बसता."

पाणी उतरतच होतं. हाताची ओढ खांद्यापर्यंत आली, मग पाठीत. प्रमिलानं मूठ जराशी सैल केली. तेव्हा तिला कळलं, की आता सोनूबाईंनीच तिचा हात धरलाय, जन्मभर चिखलातून खुबे उपसलेल्या त्या चलाख बोटांनी. लांब दवाखान्याच्या पायरीवर मेट्रन येऊन उभ्या होत्या आणि ओरडून काहीतरी सांगत होत्या. वाऱ्यामुळं ते 'धरा' होतं की 'सोडा', ते ऐकू येत नव्हतं.

चिखलानं आधी प्रमिलाची एक टाच सोडली, मग दुसरी. तिचे पांढरे बूट तिथंच राहिले, त्यात हळूहळू पाणी भरलं, आणि एक खेकडा येऊन काठाशी थांबला.