केसाळ देठाची शिट्टी

माझा नवरा रोपवाटिकेत कामाला. रानफुलांचं त्याला भारी वेड, आणि मुलांना घाबरवायचं नाही हे त्याचं ब्रीद. आमच्या मागच्या नाल्याकाठी पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उगवतात, त्या दोन जातींच्या. फुलं अगदी एकसारखी, फरक काय तो देठात. एकीच्या देठावर बारीक केस असतात, ती निर्धोक. दुसरीचा देठ गुळगुळीत, त्यावर जांभळे ठिपके, आणि ती जहर. लेकीला त्याने केसाळ देठाची शिट्टी करायला शिकवली. पोकळ कांडं तोडायचं आणि साल सोलायची, कारण केस जिभेला खाजतात. जहराचं नाव मात्र तिच्यापुढे काढलंच नाही.

त्या दुपारी ती शिट्टी वाजवत घरात आली आणि माझ्या हातातली शिवणाची कात्री गळून पडली. शिट्टी सोललेली, पांढरीफटक. केस असले तर गेलेले, ठिपके असले तर तेही गेलेले. आता ओळखायचं कशावरून?

"केस होते का गं याला?" मी ओरडलेच.

"होते."

"नक्की?"

"नव्हते." तिचा ओठ थरथरला. माझं तोंड बघून पोरगी उत्तरं बदलत होती.

नवऱ्याने दवाखान्यात फोन लावला. ताबडतोब आणा म्हणाले, आणि झाड मिळालं तर तेही आणा. बोलावलेली गाडी यायला वेळ होता. बाळाला दात येत होते, सकाळपासून नुसती किरकिर चाललेली. त्याच्याजवळ नवऱ्याला ठेवून मी लेकीचा हात धरला आणि नाल्याकडे धावले. वाटेत नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण मनातल्या मनात, कारण बोलायला श्वासच नव्हता.

नाल्याकाठी दोन्ही जाती गळ्यात गळे घालून उभ्या होत्या.

"कुठून तोडलीस ते दाखव, राणी. मी नाही रागावणार."

तिने बोट दाखवलं. मोडका देठ मी चिमटीत धरला. एरवी कापडाची लव मला डोळे मिटूनही कळते, पण आज बोटांचाच भरवसा वाटेना. पुन्हा चाचपला. केस होते. मी तिथेच चिखलात बसले आणि पोरीला छातीशी धरून रडले.

"शहाणी गं माझी बाय. बाबांनी सांगितलं तसंच केलंस."

तिची कळी खुलली. "मी केसवाली घेतली. पण बाळाची जीभ खाजेल ना? म्हणून त्याला बिनकेसाची दिली."

शेजारीच दुसरा देठ मोडलेला होता. त्यावर जांभळे ठिपके.

फोनवरचे आकडे मला दिसेनात. नवऱ्याने लगेच उचलला. "मी दारात गाडीची वाट बघतोय," तो म्हणाला. "बाळाची काळजी करू नकोस. मघापासून एकदम गप्प आहे."

"त्याच्या तोंडात शिट्टी आहे, काढ ती!"

कुठली, असं त्याने विचारलं नाही. आत धावणारी पावलं ऐकू आली, फोन आपटला, आणि मग बाळाने टाहो फोडला. फोन कानाला लावून, लेकीला काखोटीला मारून मी धावत सुटले. ते रडणं थांबू नये, एवढंच.