उलट फिरलेली शंखी

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात रविवारी सकाळी दीडेकशे माणसं मुठी आवळून बसली होती. कुणी भांडायला आलं नव्हतं. प्रत्येकाच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी, तपकिरी, टोकदार शंखी होती. ती किनाऱ्यावरच्या वाळूतून स्वतःच्या हाताने वेचायची, मुठीतूनच आणायची आणि उलटे महाराजांसमोरच्या ताटलीत ठेवायची, एवढाच नियम. पुढचं महाराज बघत. महाराज पैशाला हात लावत नसत. ते काम शेजारची पेटी करी.

"जग सुलट फिरतंय, म्हणून रोग चढतो!" महाराज गरजले. "आम्ही उलट फिरवतो, रोग उतरतो! साखर चढली? उतरवू. केस गेले? परत बोलावू. सून रुसली? तिचंही तोंड इकडे फिरवू!"

"सासू फिरवता का?" मागून एका बाईने विचारलं. महाराजांना ते नेमकं ऐकू आलं नाही.

तिसऱ्या रांगेत भिंगताई बसली होती. वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात शंख-शिंपल्यांच्या नोंदी ठेवायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती आणि सतत डोळ्याला भिंग लावून असल्यामुळे तिचं खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. आज मात्र भिंग टेबलावर राहिलं होतं आणि ती आली होती दादासाठी. दादा शिंपी. दिवसभर शिलाई मशीन पायाने चालवायची, त्यात रक्तात साखर, आणि सहा महिने झाले तरी तळपायाची जखम भरत नव्हती. वहिनीने निघताना बजावलं होतं, "वन्सं, तुम्ही सोबत राहा. हे कुणाच्याही बोलण्याला भुलतात."

दादाची पाळी आली. त्याने शंखी ताटलीत ठेवली. टोक वर, तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड उजव्या हाताला, म्हणजे उजव्या पिळाची. किनाऱ्यावर सापडतात तशीच. महाराजांनी मूठभर आकाराचा, ओला, पिवळा, भोकाभोकांचा स्पंज उचलला.

"हे सागराचं काळीज!" असं म्हणून त्यांनी तो शंखीवर दाबला, तीन वेळा उलटा फिरवला आणि उचलला. ताटलीत शंखी होती. तेवढीच, तशीच तपकिरी, तशीच टोकदार. फक्त तोंड डाव्या हाताला! सगळी वेटोळीच उलट फिरली होती.

कारखाना दणाणला. भिंगताईही पुढे वाकली. नेहमीच्या शंख्यांत असा उलटा पीळ लाखात एखादीला जन्मजात मिळतो, आणि असा नमुना तिने उभ्या आयुष्यात एकदाच, तोही दुसऱ्याच्या बरणीत पाहिला होता. शहाण्या बाईने तेव्हाच विचारायला हवं होतं, हे घडलं कसं? भिंगताईने दादाच्या कानात विचारलं, "ही मला देशील? संग्रहालयाला?"

"आणि माझी साखर काय तुझ्या खणात ठेवू?" दादा म्हणाला. शंखी कुपीत गेली आणि कुपी दादाच्या गळ्यात. पुढचे पंधरा दिवस भिंगताई त्या कुपीकडे डोळे लावून जेवत होती, असं वहिनी अजून सांगते.

पंधराव्या दिवशी वहिनीनेच तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि गोळ्यांची पट्टी पुढे धरली. एकही गोळी फुटलेली नव्हती.

"म्हणतात, पाय दुखायचा थांबला, आता कशाला गोळ्या? मी बोलले तर म्हणतात, तुझा विश्वास नाही म्हणून उशीर होतोय."

भिंगताईला स्वतःची शरम वाटली. घरात भाऊ औषध सोडून बसला होता आणि ती नमुन्यावर डोळा ठेवून बसली होती. दादा आंघोळीला गेल्यावर वहिनीने खुंटीवरची कुपी काढून तिच्या हातात ठेवली. "घ्या, आणि काय ते शोधून काढा."

तळघरात भिंगाखाली शंखी ठेवली आणि भिंगताई मोठ्याने हसली. वेटोळ्यावेटोळ्यावर मण्यांच्या तीन ओळी, आणि तोंडाच्या तळाशी बारीकशी बंद नळी. तिने बाराव्या कपाटाचा तिसरा खण ओढला. तिथे अशा दोनशे शंख्या कापसात झोपल्या होत्या आणि एकूण एक डाव्या. या जातीचा पीळच डावा! खोल पाण्यात स्पंजावर राहायचं, स्पंजच खायचा, म्हणून किनाऱ्याच्या वाळूत त्या क्वचितच येतात आणि गावाने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. वाळूतली उजवी शंखी दिसायला अगदी तिच्या बहिणीसारखी, पण जात निराळी, कुळ निराळं. तिच्यावर मण्यांच्या चार ओळी असतात आणि ती नळी नसते.

संध्याकाळी तिने दादाला शिवणाच्या दुकानात गाठलं. "दादा, ही उलट फिरलेलीच नाही. शंख टोकापासून वाढतो. टोक अंड्यात असतानाच तयार होतं, आणि पीळ तिथेच ठरतो. पुढे महाराज येवोत नाहीतर महाराजांचे आजोबा येवोत, बदलत नाही. ही डावी, हिची आई डावी, आजी डावी."

दादाने कात्री खाली ठेवली. "बरं. मग मी माझ्या हाताने ठेवलेली उजवी कुठे गेली?"

प्रश्न बिनतोड होता. पण भिंगताईला कामाची एक सवय होती. संग्रहालयात येणाऱ्या प्रत्येक शंखावर नोंदीचा आकडा लिहावा लागतो, शंख हत्तीच्या पायाएवढा असो की तांदळाएवढा. केसासारख्या टाकाने, श्वास रोखून, काळ्या शाईने लिहायचं आणि वरून रोगणाचा थेंब द्यायचा, म्हणजे पाण्याने जात नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर उजेडात, खिडकीशी बसून तिने वाळूतल्या एका उजव्या शंखीवर ४१७ हा आकडा लिहिला. नुसत्या डोळ्यांना तो काळा ठिपका वाटत होता.

रविवारी तिने ती शंखी ताटलीत ठेवली. या वेळी भिंग खिशात होतं.

"काय फिरवायचं, माई?" महाराजांनी विचारलं.

"भावाची बुद्धी," भिंगताई म्हणाली. शेजारी दादाने डोळे वटारले.

सागराचं काळीज खाली आलं, तीन वेळा फिरलं, वर गेलं. ताटलीत डावी शंखी. गर्दीने टाळ्या पिटल्या. भिंगताईने भिंग काढलं, शंखी निरखली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महाराज, मी दिलेल्या शंखीवर आकडा लिहिलेला होता. हिच्यावर नाही."

महाराज क्षणभर गडबडले, पण हार मानणाऱ्यातले नव्हते. "आकडाही उलटा फिरला, माई! बाहेरचा आत गेला!"

आणि गर्दीने यालाही टाळ्या दिल्या. भिंगताईला रडावं की हसावं कळेना. "मग तो स्पंज बघू द्या," ती म्हणाली.

"सागराच्या काळजाला बाईमाणसाने हात लावला तर भस्म होईल!"

"भस्म?" पहिल्या रांगेतून मासळीवाली उठली. कंबरदुखीसाठी ती चौथ्यांदा आली होती आणि कंबर काही ऐकत नव्हती. "अहो, हा कचरा रोज आमच्या जाळ्यात येतो. मी रोज उपटून फेकते. अजून कुठे भस्म झाले?" असं म्हणत तिने महाराजांच्या हातून स्पंज हिसकला, ताटलीवर उलटा धरला आणि ओलं फडकं पिळावं तसा पिळला.

टपटप करत शंख्या पडल्या. काही डाव्या, आपली पाळी यायची वाट बघत बसलेल्या. बाकीच्या उजव्या, सकाळपासून गिळलेल्या. स्पंज दाबला की ताटलीतली उजवी भोकात अडकायची आणि अंगठ्याने आधीच सरकवून ठेवलेली डावी खाली पडायची. सागराच्या काळजाचं एवढंच रहस्य.

भिंगताईने भिंग दादाच्या हातात दिलं. "तू बघ. सुईत दोरा ओवणारे डोळे आहेत तुझे."

दादा वाकला. एकेक शंखी बोटाने सरकवत गेला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "चार... एक... सात."

त्यानंतर कारखान्यात जो गोंधळ झाला, त्यात महाराज मागच्या दाराने सुलट दिशेने पळाले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण घरी येताच दादा म्हणाला, "शंखीचं खोटं निघालं, मान्य. पण माझा पाय तर खरंच दुखत नाही ना? हे बघ, दिवसभर चाललो. काही नाही. मग तेवढा तरी गुण आलाच की."

"पाय दाखव," भिंगताई म्हणाली.

त्याने उजवा पाय स्टुलावर ठेवला. वहिनी पाण्याचं तसराळं घेऊन आली आणि पुसता पुसता मध्येच थांबली. जुन्या जखमेच्या शेजारी, करंगळीच्या मुळाशी, काहीतरी चमकत होतं. भिंगताईने ते चिमट्याने धरून ओढलं. अर्ध्या बोटाएवढी टाचणी निघाली. मागोमाग पू आला. टाचणी किती दिवस आत होती, कुणास ठाऊक.

दादा टाचणीकडे बघत राहिला. दुकानात रोज शेकडो टाचण्या हाताळणारा माणूस. एखादी बोटाला नुसती टोचली तरी हात झटकणारा.

"मला कळलंच नाही गं," तो म्हणाला. "अजूनही काही कळत नाहीये."

वहिनीने पदर तोंडाला लावला. भिंगताईने रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि आधी दादाला चांगलंच फैलावर घेतलं. मग समजावलं. साखर वाढत राहिली की पायाच्या नसा महिनोन्महिने हळूहळू मरत जातात. आधी चुरचुरतात, मग गप्प होतात. गप्प झाल्या म्हणजे पाय बरा झाला असं माणसाला वाटतं. "आणखी आठवडाभर हा गुण येऊ दिला असता, तर मला पाय कापावा लागला असता," त्या म्हणाल्या. पाय वाचला. करंगळी मात्र गेली.

दादा आता दुकानात मशीनवर डावा पाय वापरतो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता विचारतो, "औषध घेतलं का?" कुणी एखाद्या नव्या बाबाचं नाव काढलं तर फीत गळ्यात अडकवून ऐकून घेतो आणि एवढंच म्हणतो, "त्याला म्हणावं, मला तपासू दे. सगळ्यांसमोर. तपासू दिलं तर मीही येतो तुमच्याबरोबर."

वाचणाऱ्यांनाही सांगणं तेच आहे. आश्चर्य वाटलं तर वाटू द्या; समुद्रात खरोखरची आश्चर्यं भरपूर आहेत आणि ती कितीही वेळा भिंगाखाली धरली तरी रागावत नाहीत. पण कुणी तुमचं दुखणं उतरवतो म्हणाला, तर कसं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत गोळी चुकवू नका. विचारायची लाज वाटली तर दुकानात या आणि दादाला पाय दाखवायला सांगा. तो दाखवतो.