स्वतंत्र खोली

न्यायालयातल्या बाकावर बसलेल्या मुलीने दोन्ही मुठी हवेत धरल्या आणि वडिलांकडे पाहिले.

"ब्रेक या हाताला," असे म्हणून तिने उजवी मूठ आवळली.

"दोन्ही हातांना असतो," भिंतीला टेकून उभा असलेला तिचा चुलतभाऊ खालच्या आवाजात म्हणाला. "उजवी मूठ पिळली की वेग वाढतो."

"एवढं खोलात कोण शिरतंय?" वडील म्हणाले. "ते आजोबा अचानक आडवे आले, तू ब्रेक दाबलास, गाडी घसरली. चूक झाली म्हणायचं आणि मान खाली घालायची. संपलं."

मुलीने मुठी सोडल्या.

"आजोबा आलेत का आज?"

"आत बसलेत. कुबड्या घेऊन," चुलतभाऊ म्हणाला.

"तू जा, पाणी घेऊन ये," वडील त्याला म्हणाले.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला लेखाधिकारी बाई बसल्या होत्या. बालन्यायालयात येणाऱ्या प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने वकील द्यायचा, की मागेल त्यालाच द्यायचा, हा प्रश्न अर्थखात्यापुढे होता, आणि प्रत्यक्ष काय चालते ते पाहून येण्यासाठी त्यांना इथे पाठवले होते. मागणीच नसेल तर पुरवठा कशाला, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. बाईंचे स्वतःचे लक्ष एका विशिष्ट खर्चावर होते. वकिलाने मुलाशी पालकांना बाहेर ठेवून बोलावे, असा योजनेत नियम होता. म्हणजे एक स्वतंत्र खोली आली, दाराशी माणूस आला, वकिलाच्या जादा वेळेचे मानधन आले. त्या खर्चावर काट मारायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. आईवडिलांसमोर बोलायला मुलांना अडचण काय असणार? त्यांची स्वतःची मुलगी त्यांना सगळे सांगत असे.

शिपाई एकेका बाकापाशी थांबत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत येत होता.

"वकील हवाय? घेतलात तर पुढची तारीख. नाही घेतलात तर आजच मोकळे."

यातले काहीच खोटे नव्हते. माना मात्र सगळ्यांच्या आडव्याच हलत होत्या.

"आम्हालाही नको," वडील म्हणाले.

"बरं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तर रोज चढतो. आत जायच्या आधी पुन्हा विचारावं लागतं, तेव्हा तेच सांगा." शिपाई पुढे गेला.

लेखाधिकारी बाई वडिलांकडे थोड्या सरकल्या.

"का नको म्हणालात? पैसे पडत नाहीत त्याचे."

"पैशाचं नाही हो, बाई." वडिलांनी पाणी आणायला गेलेल्या मुलाच्या दिशेने पाहिले. "तो माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा एवढासा होता. अपघाताच्या चारच दिवस आधी अठरा पुरी झाली, म्हणजे त्याला मोठ्यांचं कोर्ट. नुकता कामाला लागलाय. डाग लागला की काम गेलं. ही लहान आहे. लहानांना समज देऊन सोडतात म्हणे."

"म्हणे?"

"सोडतील हो. नाहीतर उद्या वहिनी म्हणेल, स्वतःची पोर वाचवली आणि माझ्या बिनबापाच्या पोराला पुढे केलं. दात आपलेच, ओठही आपलेच. काय करायचं माणसानं?"

गाडी कोण चालवत होते हे त्यांनी सांगितले नाही, आणि बाईंनी विचारलेही नाही. मुलगी चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा उघडत आणि लावत होती.

खिडकीवरच्या कारकुनाने वडिलांना कागद दाखवायला बोलावले. ते गेले. मुलगी मान वर न करता म्हणाली,

"वकिलाला सांगितलेलं बाबांना कळतं का?"

फक्त पाहायचे, मध्ये बोलायचे नाही, असे बाईंना निघताना बजावले होते. पण हा नियम त्यांना शब्दशः पाठ होता. तो वगळायचा म्हणून त्यांनी तो इतक्या वेळा वाचला होता.

"नाही. दार लावून बोलतात. तुझी परवानगी नसेल तर वकील कुणालाच सांगत नाही. बाबांनासुद्धा नाही."

"बाबा तर नको म्हणालेत."

"विचारायचं तुला असतं. उत्तरही तुझंच."

मुलगी आणखी काही विचारील असे बाईंना वाटले. तिने चपलेचा पट्टा घट्ट लावला. वडील परत येऊन बसले, आणि त्यांच्या मागोमाग शिपाईही आला.

"चला, तुमचा नंबर. वकील नकोच ना?"

"नको."

"मला हवाय," मुलगी म्हणाली.

हे ती फरशीकडे बघत म्हणाली. शिपायाने आधी तिच्याकडे आणि मग वडिलांकडे पाहिले.

"अगं, घरी काय ठरलं होतं आपलं?"

"तुमचं ठरलं होतं, बाबा."

वकीलबाई आल्या त्या शेवटचा घास गिळत, हात रुमालाला पुसत. तरुण होत्या. स्वतंत्र खोली म्हणजे जुन्या फायलींची अडगळ होती. आत दोन खुर्च्या होत्या, आणि कडी मोडलेली असल्यामुळे दार बंद राहावे म्हणून शिपाई बाहेरून पाठ टेकून उभा राहत असे. वडीलही मुलीबरोबर निघाले.

"तुम्ही इथंच थांबा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता.

दार लागले. शिपायाने त्याला पाठ लावली.

पुतण्या बाटली घेऊन आला. बाकावरची रिकामी जागा पाहिली, दाराशी उभा शिपाई पाहिला. वडील त्याच्याकडे न पाहता लेखाधिकारी बाईंच्या गळ्यातले ओळखपत्र पाहत होते.

"तुम्ही सरकारी वाटतं."

"हो. हिशेबाचं काम आहे माझं."

"या सगळ्याला सरकारचा बराच खर्च होत असेल."

"एका मुलामागे तसा फार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आकडा सांगितला. तो त्यांना तोंडपाठ होता.

दुकानात भाव ऐकून घ्यावा तशी वडिलांनी मान हलवली.

"आणि आम्हाला किती पडेल?"

बाईंनी मांडीवरची पिशवी उगीचच नीट केली. दारापलीकडून काही ऐकू येत नव्हते. मध्येच एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेवढाच.

पुतण्याने बाटली बाकावर ठेवली.

"काका, तुम्ही तिला घेऊन घरी जा," तो म्हणाला. "मी थांबतो. वकीलबाईंशी मला बोलायचंय."

वडील थोडे सरकले आणि पुतण्याला बसायला जागा करून दिली.