सहाव्या चौकटीतला खांदा

मित्रांनो, मी एक जुनी निगेटिव्ह आहे आणि मला रणधीर पैलवानांनी चावलं.

आता हे वाक्य विसरा. असं काही घडलेलं नाही. मी सुरुवातीपासून सांगते, तुम्हीही पहिल्यांदाच ऐकताय असं तोंड करून बसा.

माझा जन्मच मुळी मारहाणीतला. कुठल्याशा कारखान्यात जनावराची हाडं उकळून सरस काढला, त्यात चांदीचा क्षार कालवला आणि ते मिश्रण एका प्लास्टिकच्या पट्टीवर थापलं. तीच मी. माझी एक बाजू चकचकीत आहे, दुसरी मंद. चित्र असतं ते मंद बाजूवर, आणि ती बाजू तान्ह्या बाळाच्या कातडीइतकी नाजूक असते. हे लक्षात ठेवा. नळदुर्गात कुणी ठेवलं नाही.

नळदुर्गला हायवेच्या कडेला शिवलिंगप्पांचा फोटो स्टुडिओ. त्यांनी १९८४ साली मला कॅमेऱ्यात भरून तामलवाडीच्या जत्रेला नेलं. शेवटची कुस्ती नळदुर्गचा मल्लेश आणि तामलवाडीचा रणधीर यांची. दोघं पाऊण तास एकमेकांना मातीत कुटत होते. मल्लेशचा कान फुटला. रणधीरचं नाक एका बाजूला गेलं ते आजतागायत परत आलेलं नाही. शेवटी रणधीरनं ढाक मारली, मल्लेश खाली गेला, पंचांनी शिट्टी फुंकली आणि त्याच क्षणी अप्पांनी बटण दाबलं.

"दोन्ही खांदे टेकले. रणधीर विजयी," पंच म्हणाले.

"डावा टेकलाच न्हाय!" मल्लेश ओरडला.

त्यानंतर दोन्ही गावांनी एकमेकांना रसवंतीच्या उसानं बडवलं. रसवंतीवाल्यानं सगळ्यांना बडवलं.

मला मात्र अंधाऱ्या खोलीत नेऊन औषधांत बुडवलं, चिमट्यानं लटकवलं आणि कात्रीनं भावंडांपासून तोडलं. माझ्या वाट्याला सहा चौकटी आल्या. पहिल्या चारांत गर्दीच्या टोप्या, पाचवीत अप्पांचा स्वतःचा अंगठा. सहावीत मल्लेशचा डावा खांदा, खाली आखाड्याची माती आणि खांदा-मातीच्या मध्ये केसाएवढी फट. फट होती, मित्रांनो. मी स्वतः पाहिली. पण निगेटिव्हची साक्ष कुणी काढत नाही.

अप्पांकडं पोस्टकार्डाहून मोठी प्रिंट निघत नसे आणि पोस्टकार्डावर ती फट दिसत नसे. मोठ्या प्रिंटसाठी सोलापूरला पाठवावं, तर समोरचा पैलवान वाटेतच माणूस फितवील अशी दोन्ही पैलवानांची पक्की खात्री. म्हणून मी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटात राहिले. पाकिटाचा डिंक माझ्या चौथ्या चौकटीला चिकटला आणि तिथल्या अकरा टोप्या गेल्या.

खरे हाल दर खंडेनवमीला. त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. अप्पा कॅमेरा पुजायचे, स्टँड पुजायचे, आणि भक्ती शिल्लक राहिली की मलाही बाहेर काढून हळदकुंकू वाहायचे. मंद बाजूवर. कुंकवाचा एकेक कण म्हणजे माझ्या दृष्टीनं दगड. पूजा झाली की प्रसादाला मल्लेश आणि रणधीर यायचे. ट्यूबलाइटसमोर मला धरायचे.

"हे बघ, हितं फट हाय," म्हणत मल्लेश नख टेकवायचा.

"कुठंय? हितं टेकलाय की खांदा," म्हणत रणधीर त्याच जागी नख घासायचा.

मग गुद्दे. मग पेढे. मग पुढच्या खंडेनवमीपर्यंत रामराम.

असे चाळीस दसरे गेले.

गेल्या वर्षी अप्पांची मुलगी महेश्वरी हिनं स्टुडिओ हाती घेतला. तिनं मला पाकिटातून काढलं आणि पहिलं वाक्य बोलली, "अप्पा, हिचा खून केलाय तुम्ही."

"पूजा केली म्या," अप्पा म्हणाले.

तिनं तीन जातींची पाकिटं मागवली आणि एका जुन्या, बेवारस निगेटिव्हचे तुकडे करून त्यांत घातले. मग ती पत्र्यावर उन्हात ठेवली, ओल्या फडक्यात गुंडाळली, वर वजनं ठेवली. मी खिडकीतून बघत होते. चकचकीत पीव्हीसीच्या पाकिटाला उन्हात घाम फुटला. आतला तुकडा चिकटला आणि ओढताना त्याचं कातडं सोलून निघालं. बटर पेपर ओलीनं सुरकुतला आणि सुरकुत्यांचे वळ तुकड्यावर उठले. पॉलिएस्टरचं पाकीट काचेसारखं स्वच्छ. त्याला धूळ चिकटते म्हणून तिनं ते आधी हवेनं झटकलं होतं, एवढंच. आतला तुकडा जिवंत निघाला.

"साधं कागदी पाकीट काय वाईट?" अप्पांनी विचारलं.

"कागदातून दिसत नाही, अप्पा. म्हणजे लोक काढून बघणार. काढलं की नख आलं. ह्यातून बाहेरूनच दिसतंय. नख बाहेर, निगेटिव्ह आत."

चाळीस वर्षांत माझ्याबद्दल कुणीतरी विचार केला, तो असा. मला रडू आलं असतं, पण ओल मला चालत नाही.

इकडं तामलवाडीकरांनी जत्रेत रणधीर पैलवानांचा सत्कार ठरवला. पत्रिकेवर छापलं, 'मल्लेश पैलवानांना अस्मान दाखवणारे'. मल्लेशचं वय आता एकोणसत्तर. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. पत्रिका घेऊन तो थेट स्टुडिओत आला.

"पोरी, तुझ्या त्या कॉम्प्युटरवर मोठं करून दाव. सत्काराच्या आधी मला माझा खांदा बघू दे. डोळं हायेत तवर."

तेवढ्यात रणधीरही आले. अशा बातम्या तामलवाडीपर्यंत एसटीच्या आधी पोचतात.

महेश्वरीनं मला पाकिटासकट उजेडाच्या काचेवर ठेवलं. दोघांची नखं सवयीनं आली आणि पॉलिएस्टरवरून घसरली. मला काही झालं नाही. इतकं छान वाटलं!

"काका, आता स्कॅन करते. स्क्रीनवर खांदा घागरीएवढा दिसेल. फट असली तर लपणार नाही."

रणधीर पैलवानांनी क्षणभर विचार केला. मग मला उचललं आणि तोंडात घातलं.

"रण्या! थुक! थुक म्हणतो!" मल्लेशनं त्यांच्या मानेला मिठी मारली. दोघं मिळून मागच्या पडद्यावर गेले. पडद्यावर काश्मीरचं सरोवर रंगवलेलं होतं, ते खाली आलं. स्टूल मोडलं, छत्रीचा दिवा फुटला. सरोवरात, मिळून एकशे चाळीस वर्षांच्या दोन पैलवानांची कुस्ती सुरू झाली. अप्पांनी सवयीनं कॅमेरा उचलला. मी आत दाढांमध्ये होते. वरून दात येत होते, खालून दात येत होते.

मल्लेशनं गुडघा छातीवर ठेवून जबडा उघडला. मी बाहेर आले. रणधीर पैलवानांची वरची कवळीही माझ्याबरोबर आली, पाकिटात रुतलेली.

महेश्वरीनं कवळी सोडवली, पाकीट उघडलं, मला भिंगाखाली बघितलं. पाकिटाला सहा दातांचे वण होते. मला एकही नाही.

मग तिनं मला स्कॅन केलं आणि सहावी चौकट स्क्रीनवर आली. मल्लेशचा खांदा घागरीएवढा. खाली माती. आणि खांदा-मातीच्या मध्ये, जिथं फट असायची, तिथं एक काळाकुट्ट खड्डा.

"हे काय?" मल्लेशनं विचारलं.

"नखं, काका. चाळीस वर्षांची. तुम्ही दोघांनी बोट दाखवून दाखवून ती जागाच खरवडून टाकलीय. आता तिथं काहीच नाही. फट पण नाही, माती पण नाही."

मल्लेश खाली बसला. मग रणधीरकडं वळला.

"रण्या, खांदा टेकला असता, तर तू तिला चावला असतास का?"

रणधीर पैलवानांनी हात पुढं केला, कवळीसाठी. मल्लेशनं ती आपल्या धोतरानं पुसली, काच लागली नाही ना ते बघितलं आणि त्यांच्या हातात ठेवली. कवळी हातातच राहिली.

"न्हाय टेकला," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "म्या खाली बघितलं व्हतं. लोकं ओरडाय लागली, मग म्या बी हात वर केला."

"मग आधी का न्हाय बोललास?"

"दर साली म्हणायचो, औंदा बोलावं. पर तू आल्या आल्या मारायलाच बसायचास."

सत्काराच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. पंच वारून वीस वर्षं झाली. पुरावा म्हणावा, तर मी, आणि माझ्या मधोमध खड्डा.

मित्रांनो, तुमच्या घरीही डब्यात, पेटीत माझी भावंडं असतील. त्यांना कडेनं धरा. पुजू नका. कोरड्या जागी, न घामणाऱ्या पाकिटात ठेवा, आणि काही दाखवायचं असेल तर लांबून दाखवा. भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण आम्हाला मध्ये घेऊ नका.

सरतेशेवटी संबंधित खात्यास सविनय अर्ज करते, की सन १९८४ ची उपरोक्त कुस्ती त्याच आखाड्यात, त्याच दोन पैलवानांना पूर्ववत तरुण करून, मयत पंचांच्या समक्ष पुन्हा लावण्यात यावी. तसेच शिट्टी फुंकण्यापूर्वी क्रमांक दोनचे पैलवान रणधीर यांस दोन शब्द बोलण्याची मुदत देण्यात यावी, ही विनंती. सोबत मूळ प्रत जोडली आहे. कृपया कडेनं धरावी.