मृण्मयीचा उजवा हात

जयवंतीच्या तेराव्याचं जेवण उरकलं, पानं उचलली, आणि तिच्या मोबाइलवर निरोप वाजला. गुरुदत्तने चष्मा लावून वाचला. "ताई, दोन शुक्रवार झाले, भाग नाही. वाचकांना असं गृहीत धरू नका."

त्याने मोबाइल तांदळाच्या डब्यावर आपटला. पूर्वी, त्याची मुलगी, स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं पप्पा?"

"तुझ्या आईची नोकरी गेली. कामावर आली नाही म्हणून."

नोकरी म्हणजे ती कथा. टीव्हीवर 'नांदते इनामदार' नावाची मालिका लागायची. तिच्यातली धाकटी सून मृण्मयी जयवंतीची लाडकी. ते काम करणारी नटी मालिका सोडून गेली, तर लेखकांनी एका संध्याकाळी मृण्मयीला ट्रकखाली घातलं. दुसऱ्या दिवशी फोटोला हार, आणि महिना जात नाही तोच नवऱ्याने दुसरी आणली. त्या रात्री गिरीज गावातल्या या घरात चूल पेटली नव्हती. "बाई होती की उंदीर?" एवढंच जयवंती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसली. लोक कथा लिहून टाकतात तसल्या एका ॲपवर. तिची मृण्मयी ट्रकखालून जिवंत निघाली, पण इनामदारांकडे परत गेली नाही.

मालिका कधीच बंद पडली. जयवंतीची कथा चालूच राहिली. दर शुक्रवारी एक भाग. गुरुदत्तने त्यातली एक ओळ वाचली नव्हती, पण त्रास सगळा त्याच्यासमोर झाला होता. मोगरा खुडताना ती मध्येच थांबायची. "सुरुवात कोणीही करतो. मध्ये माणूस बुडतो," असं म्हणायची. एकदा तिने एका दिराला विहिरीवर पाठवलं आणि विसरून गेली. दोन वर्षांनी कोणीतरी विचारलं, "तो दीर आला का परत?" जयवंतीने त्या बाईला आणि दिराला भरपूर शिव्या दिल्या, मग त्याला विहिरीवरून आणलं.

आता गुरुदत्तने एका बोटाने टाइप केलं. "जयवंती वारली. पुन्हा विचारू नका."

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. रांगेच्या शेवटी एक बाई होती. "फार वाईट झालं. पण मृण्मयीचं पुढे काय, ते त्यांनी कोणाला सांगून ठेवलंय का?"

"मी ते ॲपच काढून टाकते," पूर्वी म्हणाली.

"हात लावू नकोस."

आठवड्याभरात एका वाचकाने स्वतःच शेवट लिहून टाकला. मृण्मयी इनामदारांकडे परत जाते, नवऱ्याच्या पाया पडते, सवत तिला ओवाळते. लोकांनी त्याखाली लाल बदामाची चित्रं पाठवली. गुरुदत्त वाडीत गेला आणि गरज नसताना केळीची चार सुकलेली खोडं कोयत्याने तोडून आला. ज्या घराने हिच्या फोटोला हार घातला त्या घरात ही पाया पडायला जाईल? मग आपणच संपवू. संपवायचंच तर आहे. त्यात काय एवढं?

राजेळी केळी सोलून मांडवावर सुकेळीसाठी वाळत घातली होती. जयवंती नव्हती, पण घड पिकायचे थांबले नव्हते. कावळे राखत तो तिथेच बसून कथा पहिल्यापासून वाचू लागला. सुकेळी तयार होऊन उतरवली तरी कथा अर्ध्यावरच होती. पुढची राजेळी वर चढली तेव्हा कुठे तो जयवंती थांबली होती तिथे पोचला. मधले कित्येक भाग त्याने नुसते सरकवले, कारण सगळेजण दिवाणखान्यात बसून चहा पीत होते. जयवंतीला तेव्हा काय सुचत नव्हतं हे त्याला आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता म्हणून संताप येत होता.

मग लिहायला घेतलं. वाडीत पाट फोडला की पाणी कुठे जाणार ते दिसतं. इथे एक वाक्य लिहिलं की चार माणसं उठून विचारायची, आमचं काय? दिराचं लग्न राहिलं होतं. सासूचा खटला राहिला होता. एक अनाथ मुलगी पहिलीतून कधीच कॉलेजात गेली होती, आणि मध्ये एकदा पुन्हा पहिलीत आली होती. दोन ओळी लिहायच्या, पुसायच्या. शेवटी त्याने चिडून सगळ्यांना एका परिच्छेदात मार्गी लावलं, मृण्मयीला खडखडीत बरं केलं आणि समुद्राकाठच्या एका वाडीत सुखाने नेऊन ठेवलं.

लिहिलेलं घेऊन तो एमिली टीचरकडे गेला. शेजारच्या टीचर निवृत्त होत्या. जयवंतीचा प्रत्येक भाग शुक्रवारच्या आधी त्या तपासून द्यायच्या. त्यांनी व्हरांड्यात बसून मोबाइल हातात घेतला.

"गुरुभाऊ, ही मृण्मयी काय करतेय?"

"सुकेळी बांधतेय."

"कशी?"

"कशी म्हणजे? वाळल्या पानात गुंडाळून. घट्ट. वरून खोडाच्या सालीचा सोप बांधून."

"दोन्ही हातांनी?"

"मग काय पायांनी?"

"तिचा उजवा हात अधू आहे. ट्रकच्या दिवसापासून, कायमचा. दुसऱ्याच भागात आहे. जयवंती म्हणायची, ट्रकखाली आलेली बाई केस विंचरून उठत नाही. सगळं वाचलंत ना तुम्ही?"

टीचरांनी पुढे वाचलं.

"आणि ही कांदा कापताना गाणं म्हणते. मृण्मयी गाणं म्हणत नाही. ही दुसरीच बाई आहे. हिला आम्ही ओळखतो, रोज कुंपणापलीकडून ऐकत होतो, पण ही इनामदारांची सून नाही."

"मग पुसून टाकू?"

"पुसा." टीचरांनी मोबाइल परत दिला. "शेवट तिने मला सांगितला होता. दवाखान्यात."

"कधी?"

"तुम्ही नारळपाणी आणायला गेला होतात तेव्हा. मृण्मयी मरते."

गुरुदत्त उभा राहिला. "इतकी वर्षं वाचवली, आणि मारायची?"

"ट्रकखाली नाही. आपल्या खोलीत. आपल्या वेळेनं, सगळ्यांना बोलावून, ज्याला जे सुनावायचं ते सुनावून. तिला तेवढंच पाहिजे होतं."

"मला का नाही बोलली?"

"ती बोलायला लागली की तुम्ही नारळपाणी आणायला उठत होतात."

"टीचर, तुमची मास्तरकी तुमच्याकडे ठेवा," असं म्हणून तो निघाला. फाटक त्याने इतक्या जोरात आपटलं की त्यांचा कुत्रा भुंकत सुटला.

दोन दिवस त्याने मोबाइल उघडला नाही. आपल्या घरी परत गेलेल्या पूर्वीचा फोन आला तर तिच्यावर खेकसला. तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसला आणि लिहू लागला.

राग होताच, तो कामाला आला. मृण्मयीने एकेकाला खोलीत बोलावलं. सासूला सांगितलं, खटला तुम्ही हरणार. दिराला सांगितलं, विहिरीवर पुन्हा गेलास तर तिकडेच राहा. नवऱ्याला तिने बसायलाही सांगितलं नाही. "माझ्या फोटोला हार घातलास ना, तेव्हा मी जिवंत होते," एवढंच म्हणाली आणि त्याला बाहेर पाठवलं. कोणी मध्ये बोललं नाही. कोणी काही आणायला उठलं नाही. मग डाव्या हाताने तिने उशाचा दिवा बंद केला. हात डावाच आहे ना, ते त्याने तीनदा बघितलं. खाली 'समाप्त' लिहिलं. शुक्रवार होता.

दुपारपर्यंत शिव्या सुरू झाल्या. "कोण तुम्ही?" "जयवंतीताईंनी असं कधीच लिहिलं नसतं." "एवढी वर्षं वाचून हे मिळालं?" "यापेक्षा तो ट्रक बरा होता." एमिली टीचरांनी खाली एकच ओळ लिहिली होती, "शुद्धलेखन ठीक आहे."

सुनावायचं तर सगळ्यांनाच होतं. तो एकेकाला उत्तर लिहायचा आणि पुसायचा. संध्याकाळी पूर्वीने निरोप पाठवला. "पप्पा, हे बघा. ओवी म्हणून कोणी मुलगी आहे. तिने आईची कथा पुढे चालू केली. चिडू नका."

तो चिडला. उघडून बघितलं. मुलीने वर लिहिलं होतं, "हा शेवट मला मान्य नाही. माझी मृण्मयी मेलेली नाही. दर शुक्रवारी नवा भाग."

बाई होती की उंदीर, असंच कोणीतरी याच घरात म्हणालं होतं. गुरुदत्तने चष्मा पुसला आणि पहिला भाग वाचायला घेतला. डॉक्टरांची चूक झाली होती म्हणे. पहाटे मृण्मयीने डोळे उघडले. उजव्या हाताने खिडकी ढकलली.

त्याने तिथेच थांबून एका बोटाने टाइप केलं.

"तिचा उजवा हात अधू आहे. दुसऱ्या भागात लिहिलंय. आधी नीट वाचा, मग लिहा. आणि दिराला विहिरीवर पाठवलंत तर परत आणायचं लक्षात ठेवा."

या वेळी त्याने ते पुसलं नाही.