पहिले पान माझ्या पायाखाली

मित्रांनो, मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मला पाय चार, पण जमिनीला टेकतात तीनच. चौथा जरा आखूड आहे. हा दोष माझा नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मला घडवणारे सुतार चांगले कसबी होते; पण माझा चौथा पाय कापताना त्यांची सात वर्षांची मुलगी समोर बसून अखंड बडबडत होती, आणि ते हातात करवत धरून तिच्याकडे बघत हसत होते. व्हायचे ते झाले.

"जाऊ दे चिमणे," ते म्हणाले, "खाली कागदाची घडी घाल. बसेल नीट."

मला केले ते तिच्यासाठीच. वर्गात ती सगळ्यांत बुटकी. फळ्याच्या वरच्या ओळीला तिचा हात पुरत नसे, म्हणून ती रोज मला काखोटीला मारून शाळेत नेई. कोणी हसले की त्यालाच मला परत घरी न्यायला लावी. तेव्हापासूनच ती लोकांकडून काम करून घ्यायला शिकली, असे माझे मत आहे.

मोठी होऊन ती टपाल कचेरीत लागली. तिथल्या उंच खिडकीमागेही ती माझ्यावरच उभी असे. तिकिटे विकता विकता ती लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेई. आमच्या वस्तीत दवाखाना नव्हता. बाळंतपण असो की ताप, नदी ओलांडून मोठ्या रुग्णालयात जावे लागे. एकदा तिची वहिनीच गाडीत, पुलावर बाळंत झाली. बाळ वाचले, वहिनीही वाचली, पण थोडक्यात. दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला ती तिकिटाबरोबर सांगू लागली, वस्तीला दवाखाना हवाच.

पुढच्या नगरपालिका निवडणुकीला ती नोकरी सोडून उभी राहिली. पहिली सभा शाळेच्या सभागृहात होती. तिथले भाषणाचे टेबल उंच पुरुषांच्या मापाचे! ती मागे उभी राहिली तर लोकांना नुसता अंबाडा दिसला.

"माईक एकटाच बोलणार का हो?" मागून कोणीतरी ओरडले आणि सभागृह खो खो हसले.

तिने मला पुढे ओढले आणि वर चढली. मी डुगडुगले. ती उतरली. हातात भाषणाची तीन पाने होती. पहिले पान सगळे आदरणीय, सन्माननीय आणि व्यासपीठावर विराजमान अशा लोकांचे. दुसरा कागद जवळ नव्हता, म्हणून तिने त्याच पानाची घडी करून माझ्या पायाखाली सरकवली. मग काय, सुरुवात दुसऱ्या पानापासूनच करावी लागली.

"माझी वहिनी पुलावर बाळंत झाली," ती म्हणाली.

मघाशी ओरडणारा टोपी काढून ऐकू लागला. ती निवडून आली, आणि दोन वर्षांत वस्तीत दवाखाना उघडला.

तेव्हापासून तो आमचा रिवाजच पडला, आणि वस्तीभर सगळ्यांना ठाऊक झाला. पहिले पान माझे, बाकीची लोकांची. ती आमदार झाली, तरी तेच. तिचा लेखनिक इतका तयार झाला की पहिले पान मुद्दाम जाड कागदावर टाइप करी. मित्रांनो, मोठमोठ्या माणसांची नावे मी पायाखाली घेतली आहेत. मला थोडी घमेंड असेल तर सांभाळून घ्या.

मग ती मंत्री झाली आणि बटण दाबले की खालीवर होणारे टेबल आले. माझे काम संपले. "हे तिथं तरी उपयोगी पडेल," असे म्हणून ड्रायव्हरदादांनी मला वस्तीतल्या दवाखान्यात आणून ठेवले. तिने मला निरोपही दिला नाही. मला फार वाईट वाटले, लपवून काय करू?

पण तिथल्या नर्सबाईंनी मला तपासणीच्या खाटेपाशी ठेवले. पोटुशा बायका माझ्यावर पाय ठेवून खाटेवर चढत. एक हात नर्सबाईंच्या खांद्यावर, एक पाय माझ्यावर. बाहेरच्या टीव्हीवर कधी कधी तिचे भाषण लागे. ते आता आदरणीयांपासून सुरू होई.

"ताईंचं पहिलं पान संपतच नाही हल्ली," नर्सबाई पुटपुटत. मलाही तसेच वाटे.

ती राज्यपाल झाली, तेव्हा मात्र सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि नर्सबाईंनी पदराने डोळे पुसले. आमची बुटकी! मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

त्यानंतर वर्षभराने बातमी आली. सरकारने चाळीस छोटे दवाखाने बंद करून नदीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करायचे ठरवले होते. आमचाही त्यात होता. हुकूम तयार होता, फक्त राज्यपालांची सही राहिली होती. दवाखान्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती येणार, भाषणात ते जाहीर करणार आणि परत जाऊन सही करणार, असे तिच्या सचिवसाहेबांनी ठरवले होते.

टेबल आणले ते नेमके शाळेचे, तेच जुने. नर्सबाईंनी मला उचलले.

"अहो बाई, हे काय आणलंत? महोदया पडतील," सचिवसाहेब म्हणाले.

"आजवर पडल्या नाहीत. तुम्ही जरा सरका," नर्सबाई म्हणाल्या.

ती आली. मला पाहून थबकली. "अगं बाई, तू अजून आहेस?" असे म्हणून तिने माझ्यावरून हात फिरवला. मग चढली. मी डुगडुगले. तिने खाली उतरून जुन्या सवयीने भाषणाचे पहिले पान काढले, घडी केली, सरकवली. हाताने दाबून पाहिले, तरी मी डुगडुगले.

"एका पानानं भागत नाही आता, ताई," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "रोजच्या आठ-दहा बाया चढतात. पाय झिजलाय स्टुलाचा."

ती वाकलेलीच राहिली. हातात आता दुसरे, शेवटचे पान होते, दवाखाना बंद करण्याचे. ते तिने पूर्ण वाचले. मग त्याचीही घडी केली, चांगली घट्ट, आणि माझ्या पायाखाली सरकवली. सचिवसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मी अगदी स्थिर झाले.

रिकाम्या हातांनी ती वर चढली.

"माझी वहिनी पुलावर बाळंत झाली होती," ती म्हणाली. "पूल अजून तिथंच आहे. या हुकमावर मी सही करणार नाही."

वर्तमानपत्रांनी तिला खूप बोल लावले. मुदत संपल्यावर तिला कोणी पुन्हा ते पद दिले नाही. आता ती रक्तदाब तपासायला आमच्याकडेच येते, रांगेत बसून बडबडते आणि नंबर आला की माझ्यावर पाय ठेवून खाटेवर चढते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, धूळ झटका, खिळे ठोका. पण परवा एक भला माणूस माझे चारही पाय सारखे करून देतो म्हणाला, तसे मात्र करू नका. माझ्या पायाखाली ते दुसरे पान अजून आहे. रोज आठ-दहा बाया त्याच्यावर उभ्या राहतात.