दहा दिवसांची धाप

दोघे भाऊ लोकांची घरं हलवायचे. जड कपाट जिन्यातून चढवताना थोरला खाली, धाकटा वर. मजला आल्याशिवाय टेकवायचं नाही, हा थोरल्याचा कायदा; वळणावर टेकवलेलं एक कपाट पुन्हा उचलताना निसटून गडगडत खाली गेलं होतं, तेव्हापासूनचा.

महिन्यापूर्वी धाकट्याला करोना झाला. तीन दिवस ताप, थोडा खोकला, मग ठणठणीत. निदान थोरल्याला तरी तसं वाटलं. पण कामावर परतल्यापासून धाकट्याची रोज कुरकुर.

"दादा, छातीत भरून येतंय रे. धाप लागते."

"बायकोच्या हातचं आयतं खाल्लंस ना दोन आठवडे! अंगाला गंज चढलाय. घाम गाळ, उतरेल."

थोरला मनाचा वाईट नव्हता. कंबर, खांदा, गुडघा, स्वतःचं प्रत्येक दुखणं त्यानं ओझं उचलूनच घालवलं होतं. दुसरं औषध त्याला ठाऊक नव्हतं. धाकटा हसायचा आणि उचलायचा. असे दहा दिवस गेले.

आज तिसऱ्या मजल्याच्या वळणावर धाकटा म्हणाला, "दादा, टेकवू या."

"इथे? खुळा की काय? आठ पायऱ्या राहिल्यात. नाटकं पुरेत."

धाकटा सहा चढला. मग सगळा भार एकदम थोरल्याच्या छातीवर आला. त्यानं कसंबसं कपाट भिंतीला रेटलं आणि वर पाहिलं. धाकटा पायरीवर बसला होता, ओठ निळे पडलेले.

"हृदयाच्या स्नायूला सूज आहे," दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "करोनानंतर काहींना येते. त्रास कधीपासून होता?"

थोरला म्हणाला, "आजच. अगदी अचानक."

ऑक्सिजनच्या मास्कआडून धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे बघून मान डोलावली. आजच.

अर्धा तास थोरला बाकावर बसला. मग डॉक्टरीण बाई दिसताच धावत त्यांच्यामागे गेला. "मी खोटं बोललो. दहा दिवस सांगत होता तो. मीच त्याला..."

बाई थांबल्या. "तेव्हा आणलं असतं, तर पडून राहायला सांगितलं असतं. आता त्यानं काही बदलत नाही. घरच्यांना बोलावून घ्या."

त्यानं भावजयीला फोन लावला. त्याला तोंड उघडू न देताच ती म्हणाली, "बरं झालं दादा, तुम्हीच केलात. ह्यांना आज जरा लवकर सोडा हं. सकाळी चप्पल घालतानाच दमले होते."